‘ब्रेझन’ म्हणजे नेमकं काय, आणि मराठीत त्याला काय म्हणावं

माझ्याकडे इंग्रजी सुधारायला येणाऱ्या एका मुलीने मागच्या उन्हाळ्यात नोकरीसाठी अर्ज केला आणि पाठवून झाल्यावर मला दाखवला. स्वतःबद्दलच्या परिच्छेदातलं दुसरंच वाक्य होतं, ‘आय ॲम अ ब्रेझन गर्ल’. तिला म्हणायचं होतं, मी धीट मुलगी आहे. घरात हिंदी-इंग्रजी कोश होता. त्यात तिला ‘ढीठ’ दिसला, तो आपलाच ‘धीट’ असं समजून तिने पुढचा शब्द उचलला. वाचणाऱ्याला मात्र त्या वाक्यातून एवढंच कळणार होतं की ही मुलगी चारचौघांदेखत चुकीचं वागते आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

अशी चूक कुणाच्याही हातून होईल. आपण मराठीत ‘डेअरिंग’ हा शब्द शौर्यालाही वापरतो आणि आगाऊपणालाही. ‘काय डेअरिंग आहे पोराची’ हे कौतुकाने म्हटलंय की वैतागून, हे आवाजावरून कळतं. इंग्रजीत हे काम वेगवेगळ्या शब्दांत वाटलेलं आहे, आणि त्यातला ‘ब्रेझन’ फक्त दोष दाखवायला येतो. तो बातम्यांत सतत भेटतो, भाषांतरात अडवतो, म्हणून त्याची ओळख नीट करून घेऊ.

पायरी १ : आधी पितळ बघा

‘ब्रेझन’ हा ‘ब्रास’वरून आलेला शब्द. ब्रास म्हणजे पितळ, आणि ब्रेझनचा मूळ अर्थ निव्वळ ‘पितळी’. जुन्या इंग्रजीत तांब्याचे सगळेच मिश्रधातू ब्रासमध्ये यायचे, म्हणजे तांबं-जस्ताचं पितळही आणि तांबं-कथलाचं कासंही. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये हाच शब्द वेदीसाठी येतो आणि तिथे त्यात निंदेचा लवलेश नाही. पितळी वेदी, बस्स.

निंदा आली ती चेहऱ्यावरून. माणूस चुकीचं करताना पकडला गेला की चेहरा बदलतो, कान तापतात, नजर खाली जाते. पितळेचं तसं होत नाही. १६व्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीत ‘ब्रेझन-फेस्ड’, म्हणजे पितळी तोंडाचा, असं लोकांना म्हणायला लागले. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकात केंट हा सरदार एका नोकराला हेच म्हणतो. दोनच दिवसांपूर्वी त्याने त्या नोकराला राजासमोर खाली पाडून मारलेलं असतं आणि आता तो नोकर म्हणतो की मी तुला ओळखतच नाही. पितळी तोंड म्हणजे काय, ते या एका प्रसंगात कळतं.

आता आपलं पितळ आठवा. माझ्या आजोळी दारावर कल्हईवाला यायचा. अंगणात छोटा खड्डा करून भाता लावायचा, निखाऱ्यावर पातेलं धरायचा, ते तापलं की नवसागराची पूड टाकायचा, पांढरा झणझणीत धूर उठायचा, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो ते आतून झरझर फिरवायचा. पिवळं पातेलं क्षणात चंदेरी व्हायचं. महिन्यांनी ती कल्हई झिजली की आतलं पितळ दिसायला लागायचं, आणि त्यात ठेवलेलं ताक कळकायचं. आजी ते पातेलं लगेच बाजूला काढायची.

आपण म्हणतो, ‘त्याचं पितळ उघडं पडलं’. म्हणजे वरचा मुलामा गेला, आतला हलका धातू दिसला, माणूस उघडा पडला. आपल्या म्हणण्यात पितळ उघडं पडणं ही नामुष्कीची गोष्ट आहे, माणसाने मान खाली घालावी अशी. इंग्रजीतला पितळी माणूस नेमका तिथून सुरू होतो. पितळ उघडं पडलंय, सगळ्यांनी बघितलंय, आणि तरी हा मान वर करून उभा आहे. म्हणून ‘ब्रेझन’चं भाषांतर ‘पितळ उघडं पडलेला’ असं कधी करू नका. एकच धातू, पण दोन भाषांनी त्यात दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या आहेत.

पायरी २ : उच्चार

‘ब्रे’वर जोर, आणि तो लांब. पुढचा ‘झ’ हा ‘माझा’मधल्या झसारखा, ‘माझी’मधल्या झसारखा नाही. शेवटचा ‘न’ जवळजवळ गिळून टाकायचा. ब्राझेन नाही, ब्रेजन नाही. ‘माझा, माझा, ब्रेझन’ असं दहा वेळा म्हटलं की जीभ जागेवर येते. माझ्या वर्गात हे चाललंय.

पायरी ३ : तीन प्रश्न विचारा

शब्द वापरण्यापूर्वी मनात तीन प्रश्न विचारायचे. तिन्हींना ‘हो’ आलं तरच ब्रेझन म्हणायचं.

पहिला, केलं ते चुकीचं आहे का? दुसरा, ते उघड्यावर केलं का? तिसरा, लपवायची किंवा ओशाळायची काही खूण नव्हती का?

खरं उदाहरण घेऊ. १९ ऑक्टोबर २०२५, रविवार, पॅरिसचं लूव्र संग्रहालय. सकाळी साडेनऊच्या सुमाराला, संग्रहालय उघडून थोडाच वेळ झालेला. घरसामान वरच्या मजल्यांवर चढवायची शिडी असलेला ट्रक भिंतीला लागतो, पिवळी जॅकेटं घातलेली माणसं वर चढतात, खिडकी कापून अपोलो दालनात शिरतात, आणि काही मिनिटांत फ्रेंच राजघराण्यांचे आठ दागिने घेऊन स्कूटरींवरून पसार होतात. सम्राज्ञी युजेनीचा मुकुट पळताना हातातून पडतो. चोरीस गेलेल्या ऐवजाची किंमत ८.८ कोटी युरो सांगितली गेली. इंग्रजी बातम्यांत या चोरीला ‘ब्रेझन’ हे विशेषण पुन्हापुन्हा लागलं.

तिन्ही प्रश्न लावून बघा. चुकीचं? हो. उघड्यावर? रविवारची सकाळ, शहराच्या मधोमध, आत पर्यटक. लपवालपवी? शिडी लावून सरळ खिडकीतून. हीच माणसं रात्री दोनला भुयारातून आली असती आणि दागिने तेवढेच गेले असते, तर ती चोरी तितकीच मोठी ठरली असती, पण ब्रेझन कुणी म्हटलं नसतं. या शब्दात नुकसान किती ते मोजलेलं नसतं. कुणाच्या डोळ्यांदेखत केलं, ते मोजलेलं असतं.

पहिला प्रश्न कधीच गाळू नका, आणि याचं एक कारण मला मनापासून सांगायचंय. इंग्रजीत हा शब्द शतकानुशतकं बायकांवर फेकला गेला. ‘ब्रेझन हसी’ हा जुना शिवीवजा शब्दप्रयोग आहे. त्यातलं ‘हसी’ मुळात ‘हाउसवाइफ’चंच आखडलेलं रूप, म्हणजे साधी गृहिणी, आणि तिचं होता होता ‘चवचाल बाई’ झालं. मोठ्याने हसणारी, एकटी फिरणारी, उलट उत्तर देणारी बाई म्हणजे ब्रेझन. आपल्याकडे ‘निर्लज्ज’ आणि ‘कोडगी’ हे शब्द अजून याच कामाला जुंपले जातात. मोठ्याने हसण्यात चूक काय आहे? काही नाही. मग पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ आलं, आणि शब्द तिथेच बाद झाला. जुनी कादंबरी वाचताना कुणा बाईला ब्रेझन म्हटलेलं दिसलं, तर तिने खरंच काय केलं ते आधी बघा. पुष्कळदा त्या शब्दातून बोलणाऱ्याचंच मन कळतं.

पायरी ४ : मराठी शब्द नामाप्रमाणे निवडा

इथे खरं अडतं, म्हणून इथे थोडं थांबू. कोश उघडला की ब्रेझनपुढे ‘निर्लज्ज’ मिळतो, आणि नवखा भाषांतरकार सगळीकडे तोच चिकटवत जातो. ‘लूव्रमध्ये निर्लज्ज चोरी’ असा मथळा वाचून बघा. कानाला खटकतो ना? लाज माणसाला असते, चोरीला नसते. मराठीत विशेषण कुणाला लावतोय ते बघून शब्द बदलावा लागतो, आणि चांगली गोष्ट अशी की आपल्याकडे शब्दांची काही कमी नाही.

चोरी, हल्ला, दरोडा असेल तर ‘दिवसाढवळ्या’. मात्र घटना खरंच दिवसा घडलेली असावी. रात्री भर चौकात झालेल्या हल्ल्याला ‘भर रस्त्यात’ किंवा ‘सगळ्यांदेखत’ म्हणा.

खोटं असेल तर ‘धडधडीत’. ब्रेझन लाय म्हणजे धडधडीत खोटं. या शब्दात तो निर्ढावलेपणा आपोआप येतो, वेगळं काही सांगावं लागत नाही.

नियम किंवा कायदा मोडला असेल तर ‘राजरोस’. ‘नदीपात्रात राजरोस भराव टाकला जातो’ या वाक्यात ब्रेझनचा सगळा अर्थ आला. त्याहून जोर हवा असेल तर ‘नियम धाब्यावर बसवले’. इथे विशेषण गेलं आणि क्रियापद आलं, पण अर्थ पक्का बसला. भाषांतरात विशेषणाला विशेषणच द्यायला हवं असा काही नियम नाही.

माणूस असेल तर मात्र छटा बघून घ्या. ‘निर्लज्ज’ आणि ‘बेशरम’ सरसकट चालतात, पण बोथट आहेत. बोलून बोलून ज्याला काही लागतच नाही तो ‘कोडगा’. चूक करून करून जो सरावलाय तो ‘निर्ढावलेला’. अंगावर काही उमटतच नाही असा ‘निगरगट्ट’. अधिकाराच्या जोरावर तसा वागतो तो ‘मुजोर’. चूक करून वर दुसऱ्यावरच धावून जातो तो ‘शिरजोर’, ‘चोर तर चोर वर शिरजोर’मधला. इंग्रजी ब्रेझनला या पाचांपैकी कोडगा आणि निर्ढावलेला सगळ्यांत जवळचे. शिरजोर त्याच्या एक पाऊल पुढे गेलेला असतो.

आणि नाम हवं असेल, म्हणजे ब्रेझननेस, तर औपचारिक लेखनात ‘धार्ष्ट्य’ हा अस्सल शब्द आहे. ‘एवढं होऊनही पुन्हा निविदा भरण्याचं धार्ष्ट्य त्यांनी दाखवलं.’ बोलताना आपण ‘बघा, हिंमत केवढी’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ती कुठली हिंमत ते बरोबर कळतं.

जरा आडवाटेने : धीट कुठून आला

धार्ष्ट्य आला ‘धृष्ट’वरून. आणि आपला ‘धीट’ही त्याच ‘धृष्ट’चा प्राकृतातून आलेला वंशज. हिंदीतला ‘ढीठ’ही तोच. म्हणजे ही सख्खी भावंडं आहेत. हिंदीतलं दोषच घेऊन राहिलं, मराठीतलं गुणाकडे वळलं. आपण आज लहान मुलाला ‘धीट आहे हं’ म्हणतो ते कौतुकानेच. माझी विद्यार्थिनी नेमकी या दोन भावंडांमध्ये अडकली.

संस्कृत नाट्यशास्त्राच्या परंपरेत तर धृष्ट हा नायकाचा एक प्रकारच आहे. १०व्या शतकातल्या धनंजयाच्या ‘दशरूपक’ ग्रंथात शृंगारातल्या नायकाचे दक्षिण, शठ, धृष्ट आणि अनुकूल असे चार प्रकार येतात. त्यातला शठ अपराध गुपचूप करतो. धृष्टाच्या अंगावर दुसरीकडे जाऊन आल्याच्या खुणा उघड दिसत असतात, आणि तो तसाच नायिकेसमोर येऊन उभा राहतो. पुढे १४व्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’मध्ये त्याचं लक्षण आणखी स्पष्ट केलं: अपराध करूनही ज्याला भीती नाही, दटावलं तरी ज्याला लाज नाही, दोष डोळ्यांना दिसत असूनही जो खोटं बोलतो, तो धृष्ट.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. विद्यार्थ्यांना ब्रेझन समजावायला मी वर्षानुवर्षं उदाहरणं शोधत होते, आणि अख्खी व्याख्या आपल्याच घरात होती. इंग्रजीत ‘स्लाय’ आणि ‘ब्रेझन’ यांत जो फरक आहे, तोच आपल्याकडे शठ आणि धृष्ट यांत. दोघंही दोषी. एकाला लपवावंसं वाटतं, दुसऱ्याला वाटत नाही.

पायरी ५ : शेजारचे शब्द

‘करेजस’ हा गुणाचा शब्द आहे, आणि ‘बोल्ड’ही बहुतेक वेळा गुणाचाच. त्यातला बोल्ड मराठीत आलाय तो जरा वेगळ्याच अर्थाने, सिनेमातल्या दृश्यांसाठी, पण इंग्रजीत ‘बोल्ड डिसिजन’ म्हणजे धाडसी निर्णय.

‘ऑडेशस’ दोन्हीकडे झुकतो. २ सप्टेंबर १७९२ रोजी, शत्रूचं सैन्य पॅरिसच्या दिशेने येत असताना, फ्रेंच राज्यक्रांतीतल्या दांतों या नेत्याने फ्रान्सच्या सभेत लोकांकडे ‘ऑदास’ मागितलं, आणखी ऑदास, सदैव ऑदास. इंग्रजीतल्या ऑडॅसिटीचा हा फ्रेंच सोयरा. तिथे अर्थ बेधडक धैर्य. उलट ‘मला शिकवायची ऑडॅसिटी!’ म्हटलं की तो दोष. ब्रेझनला अशी गुणाची बाजू नाही. देशाच्या रक्षणासाठी लोकांकडे ब्रेझननेस कुणी मागणार नाही.

‘ब्लेटंट’ ब्रेझनच्या फार जवळ असतो आणि बहुतेक वेळा दोन्ही चालून जातात. फरक इतकाच, की ब्लेटंट म्हणताना नजर कृत्यावर असते, ते किती ढळढळीत दिसतंय यावर. ब्रेझन म्हणताना नजर करणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. म्हणून ‘ब्लेटंट एरर’ होऊ शकते, म्हणजे ढळढळीत चूक, पण ‘ब्रेझन एरर’ होत नाही. नकळत झालेल्या गोष्टीत निर्ढावलेपण कुठून येणार?

‘चीकी’ हलका. लहान मुलाचा आगाऊपणा, मित्राची फिरकी. ‘इन्सोलंट’ म्हणजे वडीलधाऱ्याशी किंवा वरिष्ठाशी उद्धट.

आणि ‘हुत्स्पा’. हा हिब्रूतला शब्द, यिडिश बोलणाऱ्या ज्यू लोकांबरोबर अमेरिकेत गेला आणि तिथल्या इंग्रजीत रुळला. पहिला ‘ह’ घशातून, खाकरल्यासारखा. त्याचा अर्थ सांगणारा एक जुना किस्सा प्रसिद्ध आहे: एका मुलाने आईबापांचा खून केला, आणि न्यायालयात तो म्हणाला, ‘माझ्यावर दया करा, मी पोरका आहे.’ हिब्रूत हा शब्द निंदेचा. अमेरिकेत मात्र त्यात थोडं कौतुक मिसळलं, नवा उद्योग काढणाऱ्याच्या बेधडकपणालाही लोक हुत्स्पा म्हणतात. ब्रेझनच्या वाट्याला हे कौतुक कधी आलं नाही.

पायरी ६ : ‘ब्रेझन इट आउट’

हे क्रियापद शिकाच, कारण बोलण्यात ते फार येतं. ब्रेझन, मग इट, मग आउट. मधला ‘इट’ कशाबद्दल ते विचारत बसू नका, तो नुसता बसवलेला आहे. भूतकाळात ‘ब्रेझन्ड इट आउट’.

समजा, बैठकीत एकाने दुसऱ्याचा तक्ता स्वतःचा म्हणून दाखवला. खाली कोपऱ्यात मूळ माणसाचं नाव तसंच राहिलेलं. कुणीतरी बोट दाखवलं. खोलीत शांतता. त्याने पाण्याचा घोट घेतला, ‘तर पुढच्या तिमाहीकडे वळू’ म्हणाला आणि पान उलटलं. इंग्रजीत : ‘ही ब्रेझन्ड इट आउट.’ मराठीत : ‘काही झालंच नाही अशा चेहऱ्याने त्याने वेळ मारून नेली.’ नुसतं ‘वेळ मारून नेली’ पुरत नाही, कारण वेळ गोड बोलूनही मारून नेता येते. तो चेहरा वाक्यात आणावाच लागतो.

यासोबत ब्रिटनमधले दोन शब्दप्रयोग कानावर असू द्या : ‘बोल्ड ॲज ब्रास’, आणि स्कॉटलंडकडे विशेष ऐकू येणारा ‘ब्रास नेक’. दोन्हींत तेच पितळ. आपली गेंड्याची कातडी त्या ‘ब्रास नेक’ला चपखल बसते.

पायरी ७ : कुठे वापरू नये

ऑफिसच्या मेलमध्ये सहकाऱ्याबद्दल हा शब्द टाकू नका. ‘युअर ब्रेझन बिहेवियर’ असं लिहिलं की तो सरळ आरोप होतो. समोरच्याने मुद्दाम केलं, त्याला कळत होतं, आणि त्याला लाज नाही, असे तीन आरोप तुम्ही एका शब्दात केलेत. तुम्हाला सिद्ध करता येतं ते फक्त त्याने काय केलं एवढंच. तेवढंच लिहा, तारखेसह. बातमी लिहिणाऱ्यांनीही शब्द घटनेला लावावा, आरोप सिद्ध न झालेल्या माणसाला लावू नये.

स्वतःबद्दल तर कधीच नको. धीट म्हणायचं असेल तर ‘कॉन्फिडंट’ आहे, ‘आउटस्पोकन’ आहे. पण मी विद्यार्थ्यांना सांगते की विशेषणाच्या जागी प्रसंग लिहा. त्या मुलीशी मी याच मुद्द्यावर तासभर बोलले. धीट म्हणजे काय केलंस ते सांग, म्हटलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘मॅडम, आमच्या ग्रामसभेत मी एसटीच्या वेळेबद्दल विचारलं होतं. कॉलेजच्या मुलींना परतीची गाडी नव्हती. तिथे बोलणारी मी एकटीच मुलगी होते.’ गाडी मिळाली का, विचारलं. ‘मिळाली. साडेपाचची.’

दुसऱ्या अर्जात तिने हीच चार वाक्यं इंग्रजीत लिहिली, आणि स्वतःला विशेषण एकही लावलं नाही.